नर्सिंगला प्रवेश घ्यायचाय? गाडी नेमकी कुठे अडते, ते आधी समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की दोन-तीन दिवसांत मोबाइलवर मेसेज यायला लागतात. 'बीएस्सी नर्सिंग, डायरेक्ट अ‍ॅडमिशन. सीईटीची गरज नाही. होस्टेल फ्री. शंभर टक्के नोकरीची हमी. शेवटच्या पाच जागा.' खाली एक मोबाइल नंबर. कॉलेजचं नाव बहुतेक वेळा नसतंच.

माझ्या मामेबहिणीच्या घरीही असाच मेसेज आला होता. जालना जिल्ह्यातलं गाव, घरात पहिल्यांदाच कुणीतरी बारावी सायन्स झालेलं. नर्स व्हायचं हे तिने दहावीतच ठरवलं होतं. पण नर्सिंगसाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते, हे तिला निकालानंतर कळलं, आणि तोवर परीक्षा होऊन गेली होती. मग तो मेसेज आला. मामाने पंचवीस हजार रुपये 'सीट बुकिंग' म्हणून रोख दिले. पावती साध्या कागदावर. कॉलेज दुसऱ्या राज्यात होतं आणि तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. पैसे अर्धेच परत मिळाले, वर्ष मात्र पूर्ण गेलं.

या लेखात तेच सांगायचं आहे, जे त्या वर्षी मामाला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आधी कोर्स कोणता, ते ठरवा

नर्सिंग म्हणजे एकच कोर्स असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात प्रवेशाचे तीन दरवाजे आहेत.

पहिला बीएस्सी नर्सिंग. चार वर्षांची पदवी. त्यासाठी बारावी सायन्स हवी आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी हे विषय हवेत. पीसीबीत खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण झालेली हवीत. महाराष्ट्रातली बहुतेक बीएस्सी नर्सिंग कॉलेजेस नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत.

दुसरा जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी. तीन वर्षांचा डिप्लोमा. इथे एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते: जीएनएमला आर्ट्स किंवा कॉमर्सचे विद्यार्थीही जाऊ शकतात. सायन्सला प्राधान्य असतं, पण सक्ती नाही. बारावीला इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण हवेत, वय १७ ते ३५.

तिसरा एएनएम. दोन वर्षांचा कोर्स. गावातल्या उपकेंद्रावर लस द्यायला, गरोदर बायकांची तपासणी करायला ज्या 'नर्सबाई' असतात, त्या बहुतेक एएनएम झालेल्या असतात.

यातला एक दरवाजा चुकला म्हणजे सगळं संपलं असं नाही, कारण हे कोर्स एकमेकांना जोडलेले आहेत. एएनएम झालेली मुलगी पुढे जीएनएम करू शकते. जीएनएम करून कौन्सिलकडे नोंदणी झाली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं आणि पदवी हातात येते. म्हणजे तीन अधिक दोन, पाच वर्षं. थेट बीएस्सीपेक्षा एकच वर्ष जास्त, आणि मधल्या काळात नोकरी करून कमावताही येतं. ज्या घरात चार वर्षांची फी एकदम झेपत नाही, तिथे या मार्गाचा विचार जरूर व्हावा. 'डिग्रीच पाहिजे' या हट्टापायी ऐपतीबाहेरच्या कॉलेजात अडकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

सीईटी: निकालाची वाट पाहू नका

महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगचे प्रवेश आता राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतात. पूर्वी बारावीच्या गुणांवर कॉलेजात जाऊन प्रवेश घेता यायचा. मधे काही काळ नीटचे गुण धरले गेले. ताई-दादांच्या वेळचं ऐकून बसलेले पालक इथेच फसतात.

सगळ्यात मोठी अडचण तारखांची आहे. २०२४ मध्ये ही परीक्षा मेच्या अखेरीस झाली, २०२५ मध्ये एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच. अर्जाची मुदत त्याच्याही कितीतरी आधी संपते, म्हणजे मुलं बोर्डाच्या परीक्षेच्या गडबडीत असतात तेव्हा. बारावीच्या वर्षात डिसेंबरपासून दर आठवड्याला एकदा सीईटी कक्षाची वेबसाइट उघडून पाहायची सवय लावा. कॉलेजातले सर सांगतील या भरवशावर राहू नका. त्यांचं सगळं लक्ष नीट आणि एमएचटी-सीईटीवर असतं.

पेपर शंभर गुणांचा, वेळ दीड तास. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड असे पाच भाग, प्रत्येकी वीस गुण. सगळे प्रश्न पर्यायी. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

या पेपरमध्ये इंग्रजीला बायोलॉजीइतकंच वजन आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलं बायोलॉजी पाठ करण्यात महिने घालवतात आणि इंग्रजीचे वीस गुण दैवावर सोडतात. खरं तर रोज अर्धा तास व्याकरण आणि एक छोटा उतारा, एवढ्यानेही तीन महिन्यांत मोठा फरक पडतो. हे प्रवेशापुरतंच नाही. बीएस्सी नर्सिंगचं शिक्षण इंग्रजीतच चालतं. अ‍ॅनाटॉमीच्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं की रडू येणारी मुलगी अभ्यासात कच्ची असते असं नाही, तिचं भाषेशी भांडण चालू असतं. ते भांडण आधीच थोडं मिटवून ठेवलं तर पहिलं वर्ष सुसह्य होतं.

अ‍ॅप्टिट्यूडच्या प्रश्नांना घाबरण्यासारखं काही नाही. साधी तर्कबुद्धी, थोडं आकडेमोडीचं डोकं आणि आजारी माणसाशी कसं वागावं याची समज, असा हा भाग आहे. घाबरलेल्या पेशंटचे नातेवाईक ओरडत असतील तर आधी काय कराल, या धाटणीच्या प्रश्नाला उत्तर कुठल्याच क्लासच्या नोट्समधून येत नाही.

इथे पर्सेंटाइलचा घोळही सोडवून घेऊ. भारतीय नर्सिंग परिषदेच्या नियमांत खुल्या प्रवर्गासाठी ५० पर्सेंटाइल आणि राखीव प्रवर्गासाठी ४० पर्सेंटाइल अशी अट आहे. ५० पर्सेंटाइल म्हणजे ५० गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्मे तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पेपर अवघड गेला तर शंभरपैकी चाळीसच्या आसपास गुण मिळवूनही कुणी ५० पर्सेंटाइलच्या वर असू शकतं. त्यामुळे उत्तरतालिका पाहून 'मला ४१च पडतायत, माझं संपलं' असं म्हणत रडत बसायचं कारण नाही. सैन्याच्या नर्सिंग कॉलेजांचं मात्र वेगळं आहे. पुण्याचं एएफएमसी आणि मुंबईचं आयएनएचएस अश्विनी इथल्या मुलींच्या बीएस्सी नर्सिंगसाठी नीट द्यावी लागते. दिल्लीच्या एम्सची प्रवेश परीक्षाही स्वतंत्र असते.

कागदपत्रं: खरी शर्यत इथे

गुण असूनही जागा हातची गेली, अशा गोष्टी नर्सिंग प्रवेशात ढिगाने ऐकायला मिळतात. कारण जवळपास नेहमी एकच, कागद.

डोमिसाइल, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, आर्थिक दुर्बल घटकात असाल तर त्याचं प्रमाणपत्र, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, मधे वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. यातले बरेचसे सेतू केंद्रात आठ-पंधरा दिवसांत मिळतात. जात वैधता मात्र मिळत नाही. त्यासाठी जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे अर्ज करावा लागतो, आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत पुरावे मागितले जातात. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांची पडताळणी तर आणखी वेळखाऊ. हा अर्ज अकरावीत किंवा बारावीच्या सुरुवातीलाच कॉलेजमार्फत करून टाका. निकालानंतर समितीच्या कार्यालयाबाहेर जी गर्दी दिसते, ती बघितली की पटेल.

नॉन-क्रीमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते. मागच्या वर्षी काढलेलं प्रमाणपत्र घेऊन जून-जुलैमध्ये उभं राहिलं तर तो कागद चालत नाही आणि मुलगी खुल्या प्रवर्गात ढकलली जाते. आणखी एक बारीकशी गोष्ट: दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर आणि जातीच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते आजच पाहा. एका इंग्रजी अक्षरासाठी तहसीलला चार खेपा घालणारे वडील मी पाहिलेत.

फी आणि त्यातून सुटायचे रस्ते

सरकारी कॉलेजची फी आणि खासगीची फी यांची तुलनाच होत नाही. म्हणून मुंबईतल्या जे. जे. किंवा पुण्याच्या ससून रुग्णालयाशी जोडलेल्या सरकारी संस्थांच्या जागांवर उड्या पडतात. (याच जे. जे.मध्ये १८९१ साली बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणाला आल्या आणि पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून त्यांची नोंद झाली. तेव्हा त्यांच्या घरच्यांनी काय काय ऐकून घेतलं असेल, कोण जाणे.) जीएनएमसाठी मुंबईत केईएम, सायन, नायर या महापालिका रुग्णालयांच्या नर्सिंग शाळांना अशीच मागणी असते.

खासगी कॉलेज मिळालं तरी लगेच हातपाय गाळू नका. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती, इतरांना उत्पन्नाच्या अटीवर फी सवलत, हे सगळं महाडीबीटी पोर्टलवरून मिळतं. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत द्यायची. वैद्यकीय शिक्षण विभागाचे अभ्यासक्रमही त्यात येतात.

पण यात एक अट आहे. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही, खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही. 'कशाला राउंडची वाट बघता, आजच कोट्यातून सीट पक्की करा' असं कुणी सुचवलं तर तो माणूस तुमची चार वर्षांची फी माफी घालवतो आहे, हे लक्षात घ्या. आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या फीवर एक रुपयाही जास्त मागितला, तर ते डोनेशन झालं. महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने त्यावर बंदी आहे.

कर्ज काढायची वेळ आली तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून बँकेकडे अर्ज करता येतो. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण लागत नाही. बँकेतले साहेब पहिल्यांदा 'नाही' म्हणतातच. नाकारण्याचं कारण लेखी मागा, बोलण्याचा सूर बदलतो.

कॉलेज खरं आहे की नुसती पाटी?

मध्य प्रदेशात काय घडलं, ते प्रत्येक पालकाने वाचायला हवं. तिथे कागदावर चालणाऱ्या नर्सिंग कॉलेजांबद्दल याचिका झाल्या. कुठे इमारत नाही, कुठे रुग्णालय नाही, कुठे शिक्षक फक्त यादीत. उच्च न्यायालयाने सीबीआयला शेकडो कॉलेजांची तपासणी करायला सांगितलं. त्यातली कितीतरी अपात्र ठरली. पुढचा भाग तर कहरच होता: मे २०२४ मध्ये कॉलेजला चांगला शेरा देण्यासाठी लाच घेताना सीबीआयचाच निरीक्षक पकडला गेला. या सगळ्यात विद्यार्थ्यांच्या परीक्षा वर्षानुवर्षं रखडल्या. कॉलेज बोगस निघालं, पण वय मुलींचं वाढलं.

म्हणून एजंटचं ब्रोशर बाजूला ठेवा आणि स्वतः तपासा. महाराष्ट्रातलं कॉलेज असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत त्याचं नाव आहे का? बीएस्सी असेल तर आरोग्य विद्यापीठाची संलग्नता आहे का? सीईटी कक्षाच्या प्रवेश फेरीतल्या जागांच्या तक्त्यात ते दिसतं का? बाहेरच्या राज्यातलं असेल तर त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची आणि विद्यापीठाची यादी पाहा. कर्नाटकचं म्हणाल तर तिथलं राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ. मान्यता नसलेल्या कॉलेजातून शिकून आलं तर कौन्सिलकडे नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे तुम्ही कायद्याने नर्स नाही. गणवेश असला तरी.

जमलं तर कॉलेजला एकदा जाऊनच या. बीएस्सी कॉलेजला स्वतःचं किमान शंभर खाटांचं रुग्णालय असावं, असा निकष आहे. सकाळी आठ-साडेआठला जा, वॉर्डातून फिरा. खाटांवर पेशंट आहेत का? विद्यार्थिनी वॉर्डात काम करताना दिसतात का? त्यांच्यातल्याच एखादीला बाजूला घेऊन विचारा, 'ताई, डिलिव्हरी किती बघितल्या?' तिच्या उत्तरातून जे कळेल, ते कुठल्याच वेबसाइटवर सापडणार नाही.

घरच्यांचं काय करायचं?

ही अडचण कुठल्याच माहितीपुस्तिकेत नसते, पण अनेक मुलींसाठी सगळ्यात अवघड हीच. 'रात्रपाळी करावी लागते.' 'परक्या माणसांचं सगळं करावं लागतं.' 'डॉक्टर नाही झाली म्हणून नर्स झाली.' आत्या, काका, शेजारीपाजारी, सगळ्यांना मत असतं. गंमत म्हणजे हीच माणसं दवाखान्यात भरती झाली की 'सिस्टर, जरा बघता का' म्हणून सारखी हाक मारतात.

वाद घालण्यापेक्षा घरच्यांना ओळखीच्या नर्सला भेटवा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पंधरा-वीस वर्षं काम केलेल्या सिस्टर असतात. त्यांनी रात्रपाळीबद्दल सांगितलेलं आईला पटतं, तुम्ही सांगितलेलं पटत नाही. पगाराचं खरं चित्रही घरच्यांसमोर ठेवा. राज्य सरकारच्या सेवेत अधिपरिचारिकेचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० रुपयांपासून सुरू होतो, केंद्राच्या संस्थांत नर्सिंग ऑफिसरचा ४४,९०० पासून, भत्ते वेगळे. खासगीत तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधल्या निर्देशांनंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान वीस हजार द्यावेत अशी शिफारस केली. पण छोट्या नर्सिंग होममध्ये त्याहून कमी पगारावर राबणाऱ्या मुली आजही आहेत. हे लपवू नका. चार वर्षांनी कळून धक्का बसण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

मुलांची अडचण वेगळी. 'नर्सिंग बायकांचं' हे टोमणे त्यांना कॉलेजच्या आधी घरातच ऐकावे लागतात. बीएस्सी आणि जीएनएम दोन्हींना मुलं जाऊ शकतात, वॉर्डात त्यांना 'ब्रदर' म्हणतात. मात्र जागांचं गणित आधीच पाहून ठेवा. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना, अशी विभागणी राहिली आहे.

नीटमधून बाहेर पडलेल्यांशी थोडं वेगळं बोलायला हवं. दोन वर्षं एमबीबीएसच्या मागे घालवून, आता काहीतरी करायचं म्हणून नर्सिंगचा अर्ज भरणारे खूप आहेत. त्यात चूक काही नाही. पण प्रवेश घेण्याआधी एक दिवस तरी वॉर्डात घालवा. बेडपॅन, जखमेची ड्रेसिंग, रात्री तीनला हाक मारणारे आजोबा, हे रोजचं काम आहे. ते नको वाटलं तर आत्ताच कळेल, पहिल्या सत्राची फी भरल्यावर नाही.

सीईटी हुकली असेल, तर

पहिलं म्हणजे घाबरून कुणालाही पैसे देऊ नका. जीएनएम आणि एएनएमचं वेळापत्रक बीएस्सीपेक्षा वेगळं असतं, ते आधी पाहा. तिथे संधी असेल तर घ्या, पुढे पदवी करता येते, हे वर सांगितलंच आहे.

नसेल, तर एक वर्ष थांबणं हाही मार्ग आहे. माझी मामेबहीण थांबली. गावातल्या बायकांनी 'बारावी होऊन घरीच बसलीय का गं' असं विचारून तिला नको नको केलं. तिने सकाळी तालुक्याच्या एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम धरलं, दुपारी फिजिक्स आणि इंग्रजी. मोबाइलवर वेळ लावून पेपर सोडवायची, कारण दीड तासात शंभर प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटही मिळत नाही. पुढच्या सीईटीनंतर तिसऱ्या फेरीत तिला विदर्भातलं कॉलेज मिळालं. घरापासून लांब, पण कॅपमधून, म्हणून फी माफ झाली. मामाने या वेळी कौन्सिलची यादी स्वतः उघडून पाहिली. दोनदा.

तुम्हीही थांबणार असाल तर मधल्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा आणि एप्रिल उजाडला की उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर पुन्हा काढा. गेल्या वर्षीचे कागद फाइलमध्ये आहेत म्हणून निवांत राहाल, तर फेरीच्या दिवशी पुन्हा सेतूच्या रांगेत उभं राहावं लागेल.